उंच दांडीवरचं लुगडं

आमच्या मागच्या पडवीत एक बांबूची दांडी आहे. छताच्या दोन कड्यांना दोऱ्या बांधून ती टांगलेली असते, माणसाचा हात पोचणार नाही एवढ्या उंचीवर. तिच्यावर मडीचे कपडे वाळतात. मडी म्हणजे महाराष्ट्रातली मंडळी ज्याला सोवळं म्हणतात ते. धुतलेलं लुगडं काठीनं वर चढवायचं आणि दुसऱ्या दिवशी आंघोळ करून आल्यावर काठीनंच खाली घ्यायचं. मधे आंघोळीशिवाय कुणी शिवलं की मडी गेली. तंजावरातल्या आमच्यासारख्या बहुतेक मराठी घरांतून ही दांडी कधीच अडगळीत गेली. आमच्याकडे ती राहिली, कारण माझ्या बायकोनं ती राहू दिली.

हे मी देवनागरीत लिहितो आहे ते एका परीनं बरंच. आमच्या मुलीला घरचं बोलणं कळतं, पण ही अक्षरं वाचता येत नाहीत. बायकोला येतात, पण तिला चष्मा शोधायचा कंटाळा. म्हणजे मी तिची स्तुती केली हे तिच्या कानावर जायची भीती नाही.

तिला संधिवात आहे. अठरा वर्षं झाली. आधी दोन बोटं सुजली, मग मनगटं, मग गुडघे, आणि अलीकडे उजवा खांदा. दुखणं सुरू झालं तेव्हा ती पापनाशमच्या एका शाळेत गणित शिकवायची. खडू बोटांत धरवेना, तर तिनं बागेतल्या रबरी नळीचा वीतभर तुकडा कापला, त्यात खडू खोचला आणि मुठीत धरून निवृत्त होईपर्यंत फळ्यावर लिहिलं. बसमध्ये दांडा बोटांनी धरता येत नसे, म्हणून कोपरात अडकवून उभी राहायची. रोज जाऊन येऊन. मी वीज खात्यात होतो, ऑफिस घरापासून दहा मिनिटांवर, आणि तरी संध्याकाळी दमलो दमलो म्हणून आरामखुर्चीत पसरायचो.

सकाळी उठते तेव्हा तिचे हात मिटलेले असतात. खाटेच्या कडेला बसून ती एकेक बोट दुसऱ्या हातानं सरळ करते, मग कोमट पाण्याच्या भांड्यात दोन्ही हात बुडवून बसते. तासभर तरी जातो. त्या तासात तिच्याशी बोलायचं नाही, हा घरातला नियम. रविवारी आठवड्याची गोळी घेते, सोमवारभर तोंडाची चव जाते, आणि मंगळवारी काल काही झालंच नाही अशी वागते. घरातल्या प्रत्येक पळीच्या दांड्याला माझ्या जुन्या वेष्टीच्या, म्हणजे धोतराच्या, चिंध्या गुंडाळलेल्या आहेत, जाड दांडा मुठीत बसतो म्हणून. आमच्या पळ्या पागोटी घालून बसलेल्या असतात. बरणीचं झाकण ती दाराच्या फटीत धरते आणि बरणीच फिरवते. कसं आहे असं कुणी विचारलं तर "आहे की" एवढंच उत्तर. मला साधा काटा रुतला तर गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जातं.

आता मार्गळीतल्या त्या श्राद्धाचं सांगतो.

अम्माचं, म्हणजे माझ्या आईचं श्राद्ध मार्गळी महिन्यात येतं. मार्गळी म्हणजे आमच्याकडचा गारठ्याचा महिना. उत्तरेकडच्या लोकांना हसू येईल, पण दंव पडतं, फरशी गार होते आणि सांध्यांना ते बरोबर कळतं. श्राद्धाचा सगळा स्वैपाक घरच्या सुनेनं मडीत करायचा. वडे, खीर, कच्च्या केळ्याची भाजी, कारल्याची भाजी, तिळाचे लाडू. तिखटाला फक्त मिरे. चार तास उभं राहायचं आणि कुणी शिवायचं नाही.

त्या वर्षी तिचा खांदा पार धरला होता. आमचे वाध्यार, म्हणजे भटजी, म्हणाले की मठात सगळी सोय असते, स्वैपाकी असतात, तुम्ही फक्त येऊन बसायचं. मुलगी फोनवर तेच म्हणाली. मीही तेच म्हणालो, जरा जोरानं म्हणालो.

बायको म्हणाली, "आज श्राद्ध बाहेर जाईल. उद्या स्वैपाक बाहेर जाईल. परवा मी खाटेवर. मज हे नक्को."

"आणि नाही जमलं तर?"

"नाही जमलं तर पुढल्या वर्षापासून मठात. मी तोंड उघडणार नाही. पण यंदा घरातच."

पैज अशी लागली. मी मनातून तिच्या हरण्याच्या बाजूनं होतो, हे कबूल केलेलं बरं. तिचे हाल मला बघवत नव्हते, आणि जे बघवत नाही त्यावर मी चिडतो.

आदल्या दिवशी तिनं आंघोळ करून लुगडं धुतलं. पिळायला मनगटात जोर नाही, म्हणून नळाला वेढा घालून दोन्ही टोकं कोपरात धरली आणि सगळं अंग मागं रेलून पाणी काढलं. मग काठी डाव्या हातात घेतली. तीन वेळा लुगडं काठीवरून घसरून तिच्याच डोक्यावर पडलं. चौथ्या वेळी दांडीवर चढलं. मी दारात उभा राहून बघत होतो. मला शिवायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली तेव्हा ती खाटेच्या कडेला बसून बोटं उघडत होती. अंधारात तिनं तोंडातल्या तोंडात एक आवाज केला, दाबून टाकलेला. मी उठलो. दारातून दुधाची पिशवी आत आणली. पडवीत गेलो. वर दांडीवर लुगडं दिसलं आणि एकच विचार आला, की आता ह्या हातांनी ती पुन्हा काठी उचलणार. मी काठी घेतली, लुगडं खाली घेतलं, छान चौपदरी घडी घातली आणि न्हाणीघराच्या दारावर ठेवली. मला इतकं बरं वाटलं की मी शीळसुद्धा घातली असेन.

आंघोळ नाही, तोंड धुतलेलं नाही, हाताला दुधाच्या पिशवीचं पाणी. जन्मभर त्या दांडीखालून ये-जा केलेला माणूस मी.

ती आली आणि घडीकडे बघत राहिली.

"कोण काढलं?"

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. म्हणालो, "कुणी पाहिलं नाही. नेस तू."

"मी पाहिलं की."

मी भडकलो. मडीला बोललो, वाध्यारांना बोललो, शेवटी गेलेल्या अम्मालाही सोडलं नाही. म्हणालो की ह्या मडीनं माझं लहानपण खाल्लं. सकाळच्या शाळेतून घरी यावं तर अम्मा दुपारपर्यंत मडीत. "शिवू नक्को! लांब हो!" आम्ही चौघं भावंडं आणि ती म्हणजे जशी उघडी वीजतार. तिला नियम प्यारे होते, आम्ही नव्हतो. आणि आता तू तेच करते आहेस.

ती ऐकून घेत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "झालं? बंब पेटवा."

पेटीत तिचं रेशमी नऊवारी होतं. रेशीम मडीला चालतं. पण ते जड आणि कडक. निऱ्या तिच्या बोटांत धरल्या जात नाहीत, गाठ तर मुळीच बसत नाही. उरला एकच मार्ग. नेसत्या सुती लुगड्यानिशी डोक्यावरून पाणी घ्यायचं आणि ओलेत्यानं स्वैपाक करायचा. तिनं तेच केलं. पाणी मात्र कढत घेतलं. "शास्त्रात पाणी म्हटलंय," ती आतून म्हणाली, "गार पाणी कुठं म्हटलंय?" पण कढत पाण्याची ऊब कितीशी टिकणार? दहा मिनिटांत ते ओलं कापड मार्गळीच्या वाऱ्यात गार पडलं, आणि त्यात ती चुलीपाशी उभी राहिली. माझ्या चांगुलपणाचं हे फळ.

मी पडवीत येरझाऱ्या घालत होतो. आतून आवाज येत होते. पळी पडली. थोडा वेळ काहीच नाही. पुन्हा पळी. वडे ती केळीच्या पानाच्या तुकड्यावर तळहातानं थापते, बोटांचं कामच नाही. ते तळल्याचा वास आला तेव्हा मला धीर आला. वाध्यार यायला तास होता, म्हणून मीही आंघोळ करून ओली वेष्टी नेसून तयार झालो. तेवढ्यात आतून हाक आली.

"तुमची आंघोळ झाली?"

"झाली."

"कशाला शिवलांत का?"

"कशालाच नाही."

"मग तुम्ही मडीत. आत या."

आमच्या घरात श्राद्धाच्या दिवशी पुरुष चुलीपाशी गेलेला मी पाहिलेला नाही. माझे वडील गेले नाहीत, त्यांचे वडील गेले नसणार. बंदी कुणी घातली होती असंही नाही. कर्ता मडीतच असतो, पण तो पाटावर बसतो आणि वाट बघतो. मी उंबरा ओलांडला. ती थरथरत होती. दोन्ही हातांची बोटं पुन्हा मिटली होती आणि समोर परातीत तीळ-गुळाचं मिश्रण निवत चाललं होतं. लाडू घट्ट आवळून वळावे लागतात. तिनं दोन वाटीत दाबून केले होते, ते तळाला चपटे होऊन बसले होते. तिसरा फुटला होता.

"आधी भाताची पेज काढा. मग हे वळा. गार झालं की वळत नाही."

मी पेज काढली, पायावर थोडी सांडली, ओरडलो नाही. मग लाडू वळायला बसलो. माझे लाडू चिंचोके म्हणावे तसे वेडेवाकडे. ती बघत होती.

"तुमच्या हाताला जोर आहे," ती म्हणाली. "अम्माच्या हाताला नव्हता."

"अम्माच्या? अख्ख्या घराचा स्वैपाक एकटीनं करायची ती."

"लग्नाच्या पहिल्या वर्षी मज न्हाणीघरात बोलावल्या. म्हणाल्या, लुगड्याची गाठ तू मार, कुणाला सांगू नक्को. बोटं अशीच होती." तिनं आपले हात पुढं केले. "मग रोज मीच मारत होते. शेवटपर्यंत."

मी विचारलं, "आम्हाला का नाही सांगितलं?"

"त्याच सांगितल्या मज. पोरं शाळेतून येऊन हात धरून लोंबकळायची. जीव जायचा. नक्को म्हटलं तर पोरांना वाईट वाटेल. मडी म्हटलं की कुणी शिवत नाही, कुणी विचारत नाही. दुपारपर्यंत मडी. दुपारी बोटं जरा सुटायची, मग जवळ घ्यायच्या." तिनं मनगटानं परात माझ्याकडे सरकवली. "त्यांना गोळी कोण देणार होतं? मडी होती."

ते खरं होतं. दुपारी ती आम्हाला जवळ घ्यायची. मी ते विसरलो होतो. सकाळचं तेवढं लक्षात ठेवलं होतं, पासष्ट वर्षं, आणि आज पहाटे तिच्याच श्राद्धाच्या दिवशी तिला बोलून मोकळा झालो होतो. मला रडू आलं. श्राद्धाच्या अन्नावर डोळ्यांतलं पाणी पडू नये म्हणतात, म्हणून मी मान भिंतीकडे केली आणि वळत राहिलो.

"म्हणून बाहेर नक्को म्हणत होते," ती म्हणाली. "असल्या हातचं त्यांना ओळखू येईल."

वाध्यार आले, श्राद्ध झालं, ब्राह्मण जेवले. एकानं लाडू उलटसुलट करून पाहिला आणि गुपचूप खाल्ला. ती पैज जिंकली.

त्याची किंमत तिनं पुढचे आठ दिवस मोजली. गुडघे भोपळ्यासारखे सुजले, डॉक्टरांनी मला चांगलं झापलं, आणि मी ते मान खाली घालून ऐकलं. नवव्या दिवशी मी शिडी लावून दांडीच्या दोऱ्या सैल केल्या आणि दांडी खाली आणली, तिच्या छातीपर्यंत, काठीशिवाय कोपरानंसुद्धा लुगडं टाकता येईल एवढी. दांडी उंच होती ती घरात वीस माणसं आणि डझनभर पोरं होती म्हणून. आता आम्ही दोघंच.

ती हळूहळू चालत पडवीत आली. दांडी बघितली, हात न उचलता तिच्यावर मनगट टेकवून पाहिलं.

"कोणी शिवलं तर?"

"कोण आहे इथं शिवायला? मी. आणि मला अक्कल आली."

"बघू की," म्हणाली. तिच्याकडून ही मोठीच शाबासकी.

वाध्यारांना मी सांगून ठेवलं आहे, मठाचं नाव काढू नका. स्वैपाकात दोन हात माझे असतील. तिचं काम हुकूम सोडायचं, आणि त्यात ती मुळातच तरबेज आहे.

रात्री जेवणं झाली की मी तेलाची वाटी कोमट करून आणतो आणि तिच्या हातांना तेल लावतो. पहिल्या दिवशी घाईघाईत धरला तेव्हा तिनं हात आखडून घेतला होता. तेव्हापासून आधी विचारतो, आज कुठलं बोट दुखतं. ती दाखवते. मग मी ते सोडून बाकीची धरतो. अम्माला हे आमच्यापैकी कुणी कधी विचारलं नाही.