चंद्राची बातमी आणि गुरुजींचा फळा

पुंडलिक गुरुजी गेले, हे मला फोनवर कळलं तेव्हा माझ्या उजव्या डोळ्यावर पट्टी होती. आदल्याच दिवशी अमरावतीत मोतीबिंदू काढला होता, आणि डावा डोळा तर तसाही नावालाच आहे. फोन अकोल्याहून होता, गुरुजींची मुलगी सुजाता बोलत होती. "काका, बाबा गेले सकाळी..." एवढंच ती म्हणाली. आणि माझ्या तोंडून काय निघावं? सांत्वन नाही, हुंदका नाही. मी म्हणालो, "कोणी पाहिलं?" बोलून गेलो आणि जीभ चावली. पण ती त्यांचीच मुलगी. रडता रडता हसली. "मी पाहिलं, काका. माझं नाव लिहा." डॉक्टरांनी प्रवासाला साफ मनाई केली, त्यामुळे मला शेवटचं दर्शन झालं नाही. त्याला आता सात आठवडे झाले. डोळा बरा झालाय, दिसतंय छान. म्हणून लिहायला बसलो.

आमचं गाव वलगावच्या पुढे. गुरुजी आमच्या शाळेत आले तेव्हा मी तिसरीत होतो. त्या काळी गावात वर्तमानपत्र एकच यायचं, तेही शिळं, आणि अफवा मात्र रोज ताज्या. गुरुजींनी आल्या आल्या शाळेच्या ओसरीत गावासाठी एक फळा टांगला. मधोमध उभी रेघ. डावीकडे मथळा ‘पाहिलेले’, उजवीकडे ‘ऐकलेले’. रोज सकाळी प्रार्थनेआधी ते त्यावर बातम्या लिहीत. नाल्याला पूर आला, तर ‘पाहिलेले’मध्ये, आणि खाली ज्याने पाहिला त्याचं नाव. अमरावतीच्या बाजारात सरकी वधारली, तर ‘ऐकलेले’मध्ये, मग ते सांगणारा गावचा पाटील का असेना. माझे आजोबाच पाटील. "हा मास्तर माह्या शब्दाले ऐकलेलं म्हनते!" म्हणून त्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं. गुरुजी शांतपणे म्हणाले होते की, पाटील, तुम्ही स्वतः बाजारात जाऊन आलात की रकाना बदलतो. आजोबा दुसऱ्या दिवशी खरंच बैलगाडी जुंपून अमरावतीला गेले! परत आल्यावर आपलं नाव फळ्यावर वाचून घेतलं आणि मगच जेवायला बसले.

छप्पन साली गुरुजी नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. ती बातमी त्यांनी ‘पाहिलेले’त लिहिली आणि खाली स्वतःचं नाव घातलं. गाव चार दिवस कुजबुजलं, पण पोरं शाळेत पाठवायचं कोणी थांबलं नाही, कारण असा शिकवणारा पंचक्रोशीत दुसरा नव्हता. पुढल्या वर्षी रशियाने आकाशात गोळा सोडल्याची बातमी आली. दिवेलागणीला गुरुजी आम्हा पोरांना घेऊन माळावर गेले. तीन संध्याकाळी काहीच नाही. चौथ्या दिवशी एक ठिपका ताऱ्यांमधून सरकत गेला, घाई नाही, आवाज नाही... माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. आम्ही ओरडत गावात आलो. सकाळी फळ्यावर पाहतो तर ‘पाहिलेले’त लिहिलेलं, ‘सरकणारा ठिपका. नाव: पुंडलिक आणि सातवीची मुले’. आणि ‘ऐकलेले’त, ‘तो रशियाचा गोळा होता’. एवढा राग आला मला! बारा-तेरा वर्षांचा होतो, मला तो गोळा रशियाचाच हवा होता.

पुढे मी शिकलो, मास्तर झालो आणि नशीब असं की त्याच शाळेत त्यांच्या हाताखाली लागलो. गुरुजी तोवर मुख्याध्यापक झाले होते. मग आलं एकोणसत्तर साल. जुलैतली ती सकाळ मी मरेपर्यंत विसरणार नाही. ग्रामपंचायतीचा रेडिओ खरखरत होता आणि सगळं गाव त्याच्याभोवती उभं. चंद्रावर माणसाने पाय ठेवला, असं निवेदक म्हणाला तेव्हा माझे डोळे भरून आले. म्हातारी माणसं हात जोडून वर पाहत होती, वर नुसते ढग होते तरी. मी धावतच शाळेत गेलो. गुरुजींच्या हातात खडू होता. त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं, ‘चंद्रावर माणूस उतरला’. कुठे लिहिलं, हे सांगायला नकोच.

मी भांडलो. सगळ्या जगाने ऐकलं, म्हटलं, शास्त्रज्ञ खोटं बोलतात काय? ते म्हणाले, खोटं कोण म्हणून राहिलं? ऐकलं ते ऐकलेल्यात. तेवढ्यात कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जाणारा आमचा महादेव अमरावतीहून नवीच खबर घेऊन आला. हे समदं सिनेमावाल्यांचं काम आहे, पडद्यावर रामाचं विमान उडते तसाच हा माणूस उतरला. झालं! दोन दिवसांत गाव फाटलं. अर्धं माझ्या बाजूला, अर्धं महादेवाच्या, आणि महादेवाची माणसं सांगत फिरायला लागली की आमच्याकडे गुरुजी आहेत, गुरुजी म्हणतात चंद्राचं खोटं आहे. ते गुरुजींच्या कानावर गेलं तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा संतापलेलं पाहिलं. फळ्यापाशी गेले आणि चंद्राच्या ओळीखाली, ‘ऐकलेले’तच, दुसरी ओळ लिहिली, ‘चंद्रावर माणूस उतरला नाही, तो सिनेमा होता’. महादेव हिरमुसला. मीही. गुरुजी मात्र निवांत शाळेची घंटा द्यायला निघून गेले.

इथवर गंमत होती. पण त्याच आठवड्यात वरून आदेश आला की प्रत्येक शाळेत चंद्रविजयाचा कार्यक्रम करा, आणि आमच्याकडे तपासणीला स्वतः शिक्षणाधिकारी साहेब येणार. कोणीतरी फळ्याची चुगली आधीच केली होती. साहेबांनी मला अमरावतीला बोलावून सांगितलं की विज्ञानाची टिंगल करणारा माणूस मुख्याध्यापक म्हणून चालणार नाही, फळा दुरुस्त झालेला दिसला पाहिजे. गुरुजींच्या घरी म्हातारी आई, सुजाता तेव्हा जेमतेम बारा वर्षांची. मी घाबरलो. साहेब यायच्या दिवशी गुरुजी घरी जेवायला गेले असताना मी ओला फडका घेतला, दोन्ही ओळी पुसल्या आणि डावीकडे, ‘पाहिलेले’ खाली, मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘चंद्रावर माणूस उतरला’. मला वाटलं, मी त्यांना वाचवतोय.

गुरुजी आले. फळा वाचला. अक्षर कोणाचं हे त्यांना विचारायची गरजच नव्हती, ते वळण त्यांनीच लावलेलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. साहेबांची जीप फाटकात शिरत होती, सगळी शाळा रांगेत उभी होती, आणि त्यांनी माझ्या ओळीखाली सावकाश लिहिलं, ‘कोणी पाहिले? नाव लिहावे’. खडू साहेबांपुढे धरला. साहेबांनी घेतला नाही. माझ्यापुढे धरला... मीही घेतला नाही.

पंधरा दिवसांत त्यांची मुख्याध्यापकी गेली. जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, साध्या शिक्षकाच्या जागेवर बदली. आणि त्यांच्या खुर्चीवर कोण? मी. चार्ज घ्यायच्या दिवशी मी त्यांच्यापुढे उभा राहिलो तेव्हा जमीन दुभंगावी असं वाटत होतं. म्हटलं, गुरुजी, एका ओळीसाठी? लिहू दिली असती तर काय बिघडलं असतं? ते ओसरीच्या पायरीवर बसले, मलाही बसवलं. इतक्या वर्षांत ज्या गोष्टीचा त्यांनी चकार शब्द काढला नव्हता, ती त्या दिवशी काढली.

"वसंता, लहानपनी आमाले तुमच्या विहिरीवर चढू देत नव्हते. आमी शिवलं की पानी बाटते, हे साऱ्या गावाले माहीत होतं. पक्कं माहीत होतं. तुह्या आज्यालेही, माह्या बापालेही... पानी बाटताना पाह्यलं होतं काय कोनं?"

त्या विहिरीचं पाणी मी जन्मभर प्यालो आहे. गुरुजींनी किल्ल्या दिल्या, खडूचा डबा दिला आणि फळा बंद करू नकोस, एवढंच सांगून उठले.

दिवाळीनंतर मीच त्यांना पत्र लिहून अमरावतीला बोलावलं. कॉलेजात माझा एक ओळखीचा प्राध्यापक होता, तो संध्याकाळी गच्चीवर दुर्बीण लावायचा. माझा डाव सरळ होता. गुरुजींना चंद्र दाखवायचा आणि वाद मिटवायचा. मला मूर्खाला तर मनातून असंही वाटत होतं की तो रोवलेला झेंडा दिसेल! आकाश धुतल्यासारखं स्वच्छ होतं, अर्धा चंद्र डोक्यावर. गुरुजींनी टोपी काढली आणि दुर्बिणीला डोळा लावला. मग हललेच नाहीत. मागे रांग लागली, पोरं कुरकुरली, तरी नाहीत. शेवटी मी खांद्याला हात लावला तेव्हा त्यांचा चेहरा ओला होता.

"डोंगर हायेत रे वसंता," ते हळू म्हणाले. "डोंगराची सावली पडून राहिली..."

मी पाहिलं. खरंच होत्या सावल्या. काळ्याभोर, लांब, वर आलेल्या कडांच्या. झेंडा बिंडा काही नव्हता. त्या प्रकाशात माझा वादच मला इतका क्षुल्लक वाटला की मी तो काढलाच नाही. जिना उतरताना मात्र एकच विचारलं, आता तरी मानाल? ते थांबले. "गेला असन माणूस तिथं, तर लई मोठी गोष्ट हाय. एवढी मोठी गोष्ट अशी फुकटात मानायची नसते. मले थोडा वेळ दे." तोवर मी समजत होतो की या माणसाला कशाचं अप्रूपच नाही. त्या जिन्यात कळलं की आम्ही सगळे टाळ्या वाजवून आपापल्या कामाला लागलो होतो, आणि चंद्राचं खरं अप्रूप त्या एकट्याला होतं.

त्यांनी वेळ घेतला. निवृत्त होऊन अकोल्याला लेकीकडे गेले, तिथल्या वाचनालयात बसून इंग्रजी पुस्तकं शब्दकोश घेऊन वाचली, प्राध्यापकांना गाठून प्रश्न विचारले, जे ‘उतरलाच नाही’ म्हणत त्यांनाही तेवढेच कसून विचारले. आणि एक दिवस मला पोस्टकार्ड आलं. दोनच ओळी. ‘वसंता, चंद्रावर माणूस गेला. तपासून मानले. अकरा वर्षे लागली. फळ्यावर तिसरा रकाना आखून घे.’

नवी इमारत झाली तेव्हा शाळेने तो फळा काढून टाकला, आणि मी तो घरी आणला. आमच्या ओसरीत आहे, त्या विहिरीकडे तोंड करून. त्यावर आता तीन रकाने आहेत. पाहिलेले, ऐकलेले, मानलेले. डोळ्याची पट्टी सुटल्यावर मी पहिलं काम ते केलं. ‘पाहिलेले’ खाली लिहिलं, ‘पुंडलिक गुरुजी गेले. नाव: सुजाता’. अक्षर अजून त्यांनी लावलेल्या वळणाचंच येतं. मग तीच बातमी ‘मानलेले’तही लिहावी म्हणून खडू तिसऱ्या रकान्यावर टेकवला आणि परत उचलला. सून विचारून गेली, बाबा, चहा ठेवू का.

तो रकाना मी कोरा ठेवला आहे. चंद्राला त्यांनी अकरा वर्षं दिली होती. माझ्याकडे तेवढी नसतील, पण मीही घाई करणार नाही.