वसंत डॉक्टरांची अडनड

वसंत डॉक्टर देवळात जात नसत. निमगाव केतकीत यात्रा असली की ते मुद्दाम त्याच दिवशी दुसऱ्या गावची जनावरं तपासायला निघायचे. पण माझ्या जीपमध्ये मागच्या बाजूला एक पत्र्याची पेटी होती, तिला मात्र ते महिन्यातून एकदा येऊन स्वतःच्या हाताने हळदकुंकू वाहायचे. वर चार अक्षता टाकायचे. मग दोन पावलं मागे सरकून, रंगारी आपली भिंत बघतो तसं त्या पेटीकडे बघायचे आणि म्हणायचे, "झालं. आता हिला कोण हात लावत न्हाय."

डॉक्टर म्हणजे जनावरांचे डॉक्टर. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. बायको वारलेली, मुलगी नागपूरला दिलेली, आणि घरापुढे एक जुनी चारही चाकं ओढणारी जीप. त्या जीपवर माझा डोळा होता. मी पिंपळीची. बारामतीच्या बाजारात डोक्यावर पाटी घेऊन भाजी विकायला सुरुवात केली आणि पुढे शेतावर जाऊन माल उचलणारी व्यापारी झाले. ढोबळी मिरची, डाळिंब, शेवगा. भीमाकाठच्या काळ्या रानात साधी गाडी शिरत नाही. शिरली तर निघत नाही. मला तीच जीप हवी होती.

मी घासाघीस करायला गेले ते तयारीने गेले. टायर झिजलेत, बॉडी गंजलीय, इंजिन खोकतंय, सगळं पाठ करून गेले होते. डॉक्टरांनी मला मधेच थांबवलं. "शोभाताई, तुमी म्हणाल तो दर. पर मागची पेटी तुमची न्हाय. गाडी तुमची, पेटी माझी. ती गाडीतच राहणार आन् मी येऊन बघून जाणार."

मला वाटलं, म्हातारा फसला. दर माझा, वर पेटी फुकट! घरी येऊन मागे क्रेट लावायला घेतले तेव्हा कळलं की कोण फसलं. त्या पेटीने दोन क्रेटची जागा खाल्ली होती. दर फेरीला दोन क्रेट कमी, आणि तेही कायमचे. मी तणतणत निमगावला गेले. डॉक्टर अंगणात शेळीच्या पायाला पट्टी बांधत होते. मान वर न करता म्हणाले, "तुमी दर ठरवलात, मी अट ठरवली. आता आरडताय कशाला?"

माझ्यावर अशी वेळ फार थोड्या लोकांनी आणली आहे.

त्या पेटीला ते 'अडनड' म्हणायचे. आपण अडीनडीला म्हणतो, त्यातलाच शब्द, पण त्यांच्या तोंडी ते वस्तूचं नाव झालं होतं. "अडनड भरली का? अडनडीतलं पाणी बदललं का?" आत काय होतं ते ऐकून लोक हसायचे. गाडी ओढायचा जाड पट्टा, बुटकं फावडं, जॅक, आणि जॅकखाली ठेवायला बाभळीची एक रुंद फळी. मी विचारलं, फळी कशाला? म्हणाले, "आपल्या चिखलात गाडी वर येत न्हाय, जॅक खाली जातो." टॉर्च, शिट्टी, ताडपत्री, मेणकागदात गुंडाळलेली काडेपेटी, गूळ-शेंगदाणे. आणि सगळ्यात वर पट्ट्या, कात्री, हातमोजे आणि त्यांच्या बायकोचं एक जुनं सुती लुगडं, स्वच्छ धुऊन घडी केलेलं.

"लुगडं कशाला, डॉक्टर? बाजारात बँडेज मिळतं की."

"रगत थांबवायला मऊ सुतासारखं काय न्हाय. आन् तिला आवडलं असतं कामाला आलेलं."

भरण्याचा त्यांचा एक क्रम होता आणि त्यात ते तिळभर बदल खपवून घेत नसत. "आधी माणूस, मग गाडी, मग पोट." माणसाला लागणारं सगळ्यात वर, गाडीचं मधे, खायचं तळाला. एकदा मी गुळाची पिशवी वर ठेवली तर सगळी पेटी उपसून पुन्हा भरली. "भूक थांबती, ताई. रगत थांबत न्हाय."

आता कुंकवाचं. आमच्याकडे गाडीतली वस्तू म्हणजे गावाची वस्तू. जीप बांधावर उभी केली की कुणीतरी येणारच. "अक्का, जरा दोर द्या, म्हस बांधायचीय." "अक्का, बॅटरी द्या, मोटर चालू करून आलो." गेलेली वस्तू परत यायची ती मी भांडले तरच. डॉक्टरांनी कुलूप लावलं, तर किल्ली कुठं ठेवायची हा वाद. शेवटी त्यांना ही युक्ती सुचली. हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या आणि झालं. कुणीही विचारलं नाही की हा कोणता देव. जो तो जीपजवळ आला की पेटीला हात लावून छातीला लावायचा आणि दोर मागायला दुसरीकडे जायचा. डॉक्टर मिशीत हसायचे. "इतकी वर्षं लोकांस्नी समजावून सांगितलं. कुंकवानं एका दिवसात काम केलं."

मीही हसायचे. मला वाटायचं, एवढा हुशार माणूस तालुक्यात नाही.

परतीच्या पावसात मी भीमाकाठी तुकातात्यांच्या मळ्यातून डाळिंब घेऊन निघाले होते. तात्या म्हणजे माझे जुने शेतकरी, दरासाठी माझ्याशी जन्मभर भांडत आलेला माणूस. कालव्याच्या चारीच्या कडेची वाट भिजून लोणी झाली होती. मागचं चाक घसरलं आणि जीप सावकाश, अगदी म्हैस बसते तशी, कुशीवर पडली. मी अर्धी बाहेर फेकले गेले आणि डावा पाय दाराच्या चौकटीखाली अडकला. पोटरी फाटली होती. चिखलात रक्त पडलं की ते रक्तासारखं दिसत नाही, नुसतं काळं दिसतं. फोन चारीच्या पाण्यात गेला होता.

मी ओरडले. माझा आवाज बाजारात तीन गल्ल्या ऐकू जातो, तो त्या दिवशी कामाला आला. तात्या धावत आले, त्यांच्या मागून त्यांची सून रेखा आणि डाळिंब तोडणारी दोघं. त्यांनी पहिलं काय केलं असेल? पेटी चिखलात आडवी पडली होती. तात्यांनी चप्पल काढली, दोघांना हाक मारली, सगळ्यांनी मिळून ती पेटी अलगद उचलली, डाळिंबाच्या झाडाखाली स्वच्छ जागा बघून ठेवली आणि तात्या तिला हात जोडून उभे राहिले.

"तात्या, उघडा ती! आत दवा हाय!"

"अक्का, देवाचं हाय. असं पारोशा अंगानं कसं उघडू? डॉक्टरसायबांना फोन लावतो."

"तात्या, मी मरीन इथं!"

"आसं बोलू नका. देव बसलाय हितं."

तात्या फोन लावत होते, रेंज येत नव्हती. तोडणाऱ्यांतला एक जण जीपला खांदा लावून बघत होता आणि त्याचेच पाय घोट्यापर्यंत आत चालले होते. माझं डोकं हलकं व्हायला लागलं. मी रेखाकडे बघितलं. "रेखा, तू उघड."

ती दोन पावलं मागे सरकली. मान खाली घालून हळूच म्हणाली, "अक्का, मला कावळा शिवलाय. मी तर अजिबात न्हाय शिवायची."

आयुष्यात मी पुष्कळ रागावले आहे. दलालांवर, ड्रायव्हरांवर, वजनकाट्यावर. पण तो राग वेगळा होता. मी किंचाळले, "अगं सटवे, इथं माझं रगत चाललंय आन् तू तुझं काय घेऊन बसलीस!"

मग रेखाने सासऱ्यांकडे एकदा बघितलं, पदर खोचला, पेटीपुढे गुडघे टेकले आणि झाकण उघडलं. तिच्या हाताला पहिलं लागलं ते लुगडं. तिने त्याची घडी तशीच माझ्या पोटरीवर दाबली, वरून पट्टीने करकचून आवळली आणि वर आपलं सगळं वजन टाकून बसली. तिला कुणी शिकवलं नव्हतं. वर तेच होतं, म्हणून तेच हातात आलं. मग त्या तोडणाऱ्याचे रुतलेले पाय बघून तिनेच ओरडून सांगितलं, "फळी घ्या, जॅकखाली फळी घ्या!" जीप चार बोटं उचलली आणि माझा पाय निघाला. तात्यांच्या ट्रॅक्टरवर ताडपत्री अंथरून मला रस्त्यापर्यंत आणलं. पाय राहिला. बारामतीच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर पाय तर सोडाच, तुमचीच खात्री नव्हती.

संध्याकाळी वसंत डॉक्टर आले. मला वाटलं, विचारतील, कसं वाटतंय. त्यांनी विचारलं, "पेटी उघडायला येळ का लागला?"

मी सगळं सांगितलं. चपला काढल्या, हात जोडले, कावळा शिवला. मला सांगताना हसू येत होतं, वेदनेत सुद्धा. ते हसले नाहीत. स्टुलावर बसले आणि आपल्या उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट बराच वेळ बघत राहिले. त्याच बोटाने ते कुंकू लावायचे.

"ताई, माझ्या हुशारीनं तुमचा पाय जायचा व्हता."

"तुमच्या पेटीनं राहिला, डॉक्टर."

"रेखानं राहिला. मी तर पेटीला कुलूप घातलं व्हतं, लोखंडाचं न्हाय एवढंच."

मी धन्यवाद म्हणायला तोंड उघडलं तोवर ते उठून गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते तुकातात्यांच्या मळ्यात. चार माणसं गोळा केली, बादलीभर पाणी घेतलं आणि सगळ्यांदेखत ती पेटी घासून धुतली. "ह्यात देव न्हाय. मीच तुमास्नी फसवलं. ह्यात लुगडं हाय आन् फावडं हाय." तात्या म्हणे दोन दिवस जेवले नीट नाहीत. एवढे दिवस त्यांनी कशाला नमस्कार केला, याचाच त्यांना राग आला होता.

त्यानंतर डॉक्टरांनी माझ्या धंद्याची पार रया घालवली. मी बरी होऊन फिरायला लागले तसे तेही माझ्याबरोबर जीपमध्ये बसायला लागले. प्रत्येक मळ्यावर पेटी खाली उतरवायची आणि समोर असेल त्याला म्हणायचं, "उघडा. समजा, ताई पडल्यात. काय काढाल?" एकाने गूळ काढला. डॉक्टर म्हणाले, "ताईंचा तेरावा घालताय का?" बायांना आधी पुढे बोलवायचे. "ज्या वस्तूला रोज हात लागत न्हाय, ती आडवेळेला हातात येत न्हाय," हे त्यांचं नवीन वाक्य. आणि त्यामुळे त्यांनी उलटा नियम केला: कुणीही न्या, वापरा, पण सांगून न्या आणि आणून ठेवा. ओढायचा पट्टा एकदा म्हशीच्या गळ्यात सापडला. टॉर्च दोनदा बदलली, दोन्ही वेळा त्यांनीच. मी चिडले की म्हणायचे, "जाऊ द्या. त्याला आता ठावं तरी झालं की टॉर्च कुठं असती."

आणि शेतकरी! "अक्का, तुमचा पाय आमच्या रानात वाचला, आता मिरचीला जरा दर द्या की." मी म्हणायचे, पाय रेखाने वाचवला, तिच्या मालाला देते. खरंच देते. तिच्याशी मी घासाघीस करत नाही. बाजारात हे कुणाला सांगू नका.

पण माझी डॉक्टरांविषयीची तक्रार अजून आहे आणि ती क्रेटची नाही. मी कुणाचं काही फुकट ठेवून घेत नाही. घेतलं तर देते, दिलं तर मागते. या माणसाने माझा जीव वाचवायची तजवीज माझ्या ओळखीआधी करून ठेवली आणि मी आभार मानायला गेले की प्रत्येक वेळी तोच माझी माफी मागायचा. चारचौघांत सांगायचा, "माझी चूक झाली, ताईंनी सोसलं." उपकार करायचे आणि वरून माफीही मागायची, म्हणजे समोरच्याने काय करायचं? मी साडीचोळी नेली, घेतली नाही. डाळिंबं नेली, गोठ्यावरच्या पोरांना वाटली. असा अडेलतट्टू माणूस मी धंद्यात पाहिला नाही.

गेल्या वर्षी त्यांची नजर अधू झाली. मुलगी नागपूरहून न्यायला आली. सकाळी सामान गाडीत चढत होतं तेव्हा मी पोचले. त्यांनी मुलीच्या गाडीची डिकी दोनदा रिकामी करून पुन्हा भरायला लावली होती आणि ती बिचारी घामाघूम झाली होती. मी मनाशी ठरवून गेले होते की आज बोलायचंच. रस्ताभर जुळवाजुळव करत गेले होते. पण गाडीचं दार उघडं, मुलगी घाई करतेय, आणि मला त्यातलं काहीच आठवेना.

मी एवढंच म्हटलं, "डॉक्टर, पाय हाय माझा."

त्यांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली. मला वाटलं, आता पुन्हा माफी मागतात. पण चेहऱ्यावर एवढंसं हसू आलं.

"मग चाला की," ते म्हणाले, आणि दार ओढून घेतलं.

गाडी गेली. जीप तिथेच ठेवून मी निमगावच्या बाजारपेठेतून बसथांब्यापर्यंत चालत गेले आणि परत आले. काही काम नव्हतं.