इथं सर्टिफिकेट मिळत नाही

रोहीनं वर्गात हात वर केला की आमचे सर आधी पुस्तक मिटायचे. कारण तिचा प्रश्न ठरलेला. "सर, हे तुम्ही स्वतः केलंय का?"

बी.कॉमच्या पहिल्या वर्षी आम्हाला उद्योजकता नावाचा पेपर होता. सर गाइडमधून व्याख्या सांगताहेत, उद्योजक म्हणजे जोखीम पत्करणारी व्यक्ती वगैरे, आम्ही सगळे मान खाली घालून लिहितोय, आणि हिचा हात वर. "सर, तुम्ही कधी काही विकलंय का?"

वर्ग असा हसला की शेजारच्या वर्गातले येऊन बघून गेले. सर लालेलाल. "बाहर निकलो!" तिनं बॅग उचलली, "जी सर" म्हणाली आणि गेली. ती चिडवायला विचारायचीच नाही हो! तिला खरंच जाणून घ्यायचं असायचं. मी तिच्या शेजारी बसलेली. ती व्याख्या मी दोन रंगांच्या पेनांनी लिहिली होती, खाली रेघ मारून.

रोहिणी शेजारच्या दापोरा गावची, केळीवाल्यांची पोरगी. उंच, लांब ढांगा टाकत चालायची, आणि प्रत्येक कुर्त्यावर केळीच्या चिकाचे तपकिरी डाग. तो डाग जात नाही, काहीही करा. तसल्याच कुर्त्यात ती कॉलेजात यायची. मी शहरात लोधीपुऱ्यातली, माझे कपडे इस्त्रीचे. तरी कँटीनमध्ये सगळे तिच्याच टेबलाशी. मी तेव्हापासून जळते. लिहूनच टाकलं, बरं झालं.

दुसऱ्या वर्षी तिनं कॉलेज सोडलं. लोक म्हणतात सरांशी भांडून. चूक. त्याचं कारण हेमंतदादा, तिचा मोठा भाऊ.

दादा बी.एस्सी. ॲग्री, फर्स्ट क्लास. एक दिवस गावातल्या लग्नामुळे कटाईची टोळी आलीच नाही आणि दुपारी माल न्यायला गाडी येणार होती. दादा म्हणाला मी कापतो. घड कापले, फण्या वेगळ्या केल्या, आणि पाण्यात न टाकता बांधावरच एकावर एक रचल्या. वरच्या फणीचा चीक खालच्या केळ्यांवर, त्यावर माती. दुपारपर्यंत सगळ्या मालावर काळे ओघळ. गाडीवाल्यानं बघितलं, "ये माल नहीं चलेगा" म्हणाला आणि रिकामी गाडी घेऊन गेला. आप्पांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, तो माल गुरांपुढं टाकला. दादा नुसता उभा.

संध्याकाळी रोहीनं दादाची जुनी वही काढली. त्यात लाल पेननं लिहिलेलं होतं, फण्या तुरटीच्या पाण्यात धुवाव्यात, म्हणजे चिकाचे डाग पडत नाहीत. परीक्षेत तोच प्रश्न आला होता, दादानं बरोबर लिहिला होता.

दुसऱ्या दिवशी मला कॉलेजच्या गेटवर भेटली. वही छातीशी धरलेली. "त्याला येत होतं वं पल्लवी," म्हणाली. "लिहिता येत होतं. हाताला कोणी सांगितलंच नव्हतं." मग गेटच्या आत आलीच नाही.

दोन वर्षं ती आप्पांच्या पॅकिंग शेडमध्ये राबली, आणि मग तिथंच वर्ग सुरू केला. बारावी झालेल्या मुली, एक वर्ष. माल कापायचा, धुवायचा, पेट्या भरायच्या, चिप्स तळायच्या, बाजारात बसून स्वतःच्या तोंडानं विकायच्या, व्यापाऱ्याला स्वतः फोन लावायचा. पहिला महिना वहीला बंदी. कोणी आणलीच तर काढून घ्यायची, "हात रिकामे ठेव." आणि दारावर पाटी काय लावली असेल? "इथं सर्टिफिकेट मिळत नाही." सच्ची! आयांनी विचारायच्या आधीच उत्तर. तरी एखादी विचारायचीच. त्यावर ही, "काकू, सर्टिफिकेट आत्ता छापून देते, पाच मिनिटं लागतात. पोरगी तयार व्हायला वर्ष लागतं. बोला, काय देऊ?"

आणि मी? मी एम.कॉम केलं, आणि एका प्रायव्हेट कॉलेजात शिकवायला लागले. विषय, हसू नका, उद्योजकता. तेच गाइड.

मग पेपरात रोहीचा फोटो आला, केळीच्या पेट्यांवर बसून हसतेय. माझ्या आईनं तो कापून फ्रिजवर लावला. माझ्या आईनं! माझी मार्कशीट कपाटात नॅप्थालिनच्या गोळ्यांबरोबर, आणि ही फ्रिजवर. पाणी घ्यायला जावं तर ही हसतेय. मी आठवडाभर माठातलं पाणी प्यायले.

त्याच आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळी आमच्या गल्लीतल्या बायका ओट्यावर मेथी निवडत बसलेल्या. समोरच्या शोभाकाकू म्हणाल्या, "पल्लवी, तू कॉलेजात शिकवून राहिली, तूच सांग. आमची नेहा बारावी झाली, दापोऱ्याच्या वर्गात नाव घालून बसली. पाठवू का?" नेहा दारातच उभी होती, माझ्याकडे बघत. मी बोलेन ते होणार, हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

मी तो वर्ग एकदाही बघितलेला नव्हता. तरी बोलले. "चांगलंच आहे काकू. पण उद्या लग्नाच्या बायोडाटावर काय लिहाल? शिक्षण, केळी धुते?"

ओटा खदाखदा हसला. इतकं बरं वाटलं मला! नेहा आत निघून गेली.

पंधरा दिवसांनी ती माझ्याच वर्गात, तिसऱ्या बाकावर. खाली मान घालून व्याख्या उतरवायची. दोन महिन्यांत तिचा हात एकदाही वर गेला नाही. एकदा मीच म्हटलं, नेहा, काही विचार ना. तर म्हणाली, "मॅडम, हे नुसतं लिहून घेऊ की पाठ पण करू?"

त्या रविवारी मी ऑटो पकडून दापोऱ्याला गेले.

शेडमध्ये दहा-बारा मुली कोपरापर्यंत पाण्यात, नुसता कल्ला. एक फोनवर व्यापाऱ्याला झापत होती, "भैया, पहले माल देखो, फिर बोलो ना!" केवढीशी पोरगी, आणि काय आवाज! भिंतीवर खिळ्यांना ॲप्रन टांगलेले, प्रत्येकावर नाव. बाकीचे भिजून मळलेले. एक कोरा. त्यावर नेहा.

रोही कोयता पुसत होती. मी सगळं सांगून टाकलं, भरभर, मध्ये श्वास न घेता. ओटा, मेथी, बायोडाटा, फ्रिजसुद्धा.

"माहीत आहे," ती म्हणाली. "केळी धुते. ते इथपर्यंत आलं. दोन पोरी घरी जाऊन रडल्या."

"सॉरी रोही."

"मला सॉरी म्हणून काय होणार वं? माझं वर्ष नाही गेलं, तिचं चाललंय." कोयता तिनं खिळ्याला अडकवला. "जिथं हसवलंस ना, तिथंच जाऊन बोल. त्याच बायकांपुढं." आणि पाण्यात हात घालून कामाला लागली. चहा विचारला नाही. दापोऱ्याहून मी पहिल्यांदाच बिनचहाची परतले.

संध्याकाळी ओट्यावर त्याच चौघी. मी बसले नाही, उभ्या उभ्याच बोलले. "काकू, मी त्या दिवशी रोहीवर जळून बोलले. तिच्या वर्गात मी तेव्हा पाऊलसुद्धा ठेवलं नव्हतं. आज बघून आले. नेहाला पाठवा. बी.कॉमचा फॉर्म प्रायव्हेट, म्हणजे बाहेरून, भरता येतो, मी भरून देते."

कोणी हसलं नाही. शोभाकाकूंनी मेथीची काडी मोडली. मग म्हणाल्या, "जळते ते तर दिसतच होतं माय. पण तू शिकलेली, म्हणून ऐकलं आम्ही."

एवढं लागेल असं मला कधी कोणी बोललं नव्हतं.

नेहा सोमवारी पहिल्या ऑटोनं गेली. मी गॅलरीत उभी होते, तिनं वर बघितलं नाही. दहा वाजता रोहीचा मेसेज आला. "आली." बस्स. ना स्माइली, ना काही. त्याला वर्ष होत आलं. त्यानंतर तिचा मेसेज नाही, फोन नाही. नेहा आता बाजारात बसते, गिऱ्हाइकाशी हुज्जत घालते, आणि दर वाक्यात रोहीदीदी. मी ऐकते. मी अजून जळते. फक्त आधी शेजारी बसून जळायचे, आता लांबून जळावं लागतं.