भुलेश्वर ते ठाकूरद्वार : आईच्या गिऱ्हाइकांचे जिने

आई गेल्याचं गावात त्याच दिवशी सगळ्यांना कळलं. मुंबईत कोणालाच कळलं नव्हतं. कळंबजवळच्या आमच्या गावातून ती वर्षानुवर्षं बेल, तोरणासाठी आंब्याचे टाळे आणि रानभाज्या घेऊन गिरगावात जायची. तिच्याबरोबर जाणारी पारूकाकी दोन महिने गिऱ्हाइकांना "आजारी हाय" एवढंच सांगत होती. आमच्याकडे मयताची खबर घरच्या माणसानेच द्यायची असते, आणि देणाऱ्याने त्या घरचं पाणी घ्यायचं नसतं. मी रसायनीला एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. शेवटी काकीबरोबर जायचं ठरवून एका शनिवारी रजा टाकली.

जूनची सुरुवात होती, शेवळांचे दिवस. माळावर जमिनीतून वर येणारे हे जांभळट कोंब आई दर वर्षी न्यायची. नुसत्या हातांनी दारात उभं राहणं मला जमलं नसतं, म्हणून आदल्या दिवशी मी स्वतः शेवळं काढून जुड्या बांधल्या.

भिवपुरीहून पहाटेची गाडी धरली तर बसायला जागा मिळते. येण्याजाण्याचं तिकीट साठेक रुपये. शेवटच्या स्टेशनला उतरून क्रॉफर्ड मार्केटवरून भुलेश्वरपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं लागतात. हातगाड्यांमुळे पायाखाली बघूनच चालावं लागतं. मी मध्येच थांबून एका जुन्या इमारतीचे लाकडी सज्जे बघत होतो.

"चल रं," काकी म्हणाली. डोक्यावर पाटी असून ती माझ्या पुढे होती. "असा रमत आलास तर हितंच दुपार व्हईल."

"काकी, ही इमारत केवढी जुनी असेल?"

"मला काय ठाव? आमी कदी इमारती बघितल्या नाय. आमी जिनं बघितलं."

ते खरंच होतं. भुलेश्वरच्या फुलगल्लीत आईच्या शेजारी बसणाऱ्या हारवालीला सांगितलं. तिने हातातली सुई खाली ठेवली आणि बराच वेळ उचलली नाही. तिथून सी. पी. टँक, मग खेतवाडीच्या गल्ल्या. गल्ल्यांना नुसते नंबर आहेत, आणि नवख्याला सगळ्या सारख्याच वाटतात. काकी खालून मजला सांगायची, मी वर जायचो. दारात उभा राहून सांगायचो, जुडी द्यायचो, चहाला नाही म्हणायचो आणि उतरायचो. जिने लाकडी आणि उभे. चौथ्या-पाचव्या घरानंतर गुडघे बोलायला लागले. तेच वाक्य पुन्हा पुन्हा बोलून तोंड कोरडं पडलं होतं.

एका दारात एक गृहस्थ म्हणाले, "म्हणजे रसायनीचे साहेब तुम्हीच? मावशी नेहमी सांगायच्या."

खाली येऊन मी हे काकीला सांगितलं.

"मंग? सगळ्या गिरगावला ठाव हाय," ती म्हणाली. "सायेब रं. पाटी उचलायला मातुर कदी आला नाय."

ती चिडून बोलली नव्हती.

दुपारी माधवबागेत सावलीला बसून तिने आणलेली भाकरी आणि चटणी खाल्ली. बाहेर टपरीवर चहा घेतला. तो चालतो, टपरी कोणाचं घर नाही. ज्यांना नुसतं फिरायचं आहे त्यांनी माधवबाग चुकवू नये. एवढ्या गजबजाटात तिथे शांत वाटतं.

शेवटचं घर ठाकूरद्वारला होतं, तिसऱ्या मजल्यावर. काकी खालीच बसली. "त्या बाईला तू सांग. मला नाय व्हायचं," म्हणाली.

कुसुमताई निवृत्त शिक्षिका, एकट्या राहतात. मी मावशींचा मुलगा, एवढंच सांगून जुडी पुढे केली. त्यांनी ती उलटीपालटी करून पाहिली, मग माझ्या पिशवीत डोकावल्या.

"काकडं कुठे आहेत?"

शेवळं घशाला खाजतात. काकडं नावाची छोटी आंबट फळं टाकली की खाज मरते. आमच्याकडे लहान मूलही काकडांशिवाय शेवळं कोणाला देत नाही. दिवसभरात इतर कोणी विचारलं नव्हतं. मी पाकीट, तिकीट, पाण्याची बाटली, सगळं आठवणीने घेतलं होतं.

"विसरलो," मी म्हणालो.

त्यांनी जुडी खाली ठेवली. "ती विसरायची नाही. काकडं बघितल्याशिवाय जुडी घराबाहेर जाऊ द्यायची नाही." मग हळूच विचारलं, "कधी गेली?"

मी सांगितलं. पाठ केलेलं वाक्य लागलंच नाही. त्या पाणी आणायला वळल्या, तेव्हा मी नको म्हणालो आणि कारणही सांगितलं. त्यांनी भांडं परत ठेवलं.

"चिंच घालून करते," त्या जुडी उचलत म्हणाल्या. "खाजला घसा तर खाजू दे."

परतताना गिरगाव चौपाटीवर थोडा वेळ बसलो. समुद्र समोर होता, पण माझं लक्ष सुजलेल्या पायांकडे. काकीने सांगितलं की इतक्या वर्षांत ती आणि आई इथे एकदाही आल्या नव्हत्या. थांबल्या असत्या तर परतीची गाडी चुकली असती.

घरी आल्यावर बायकोने कढत पाण्यात पाय बुडवायला लावले. सगळ्यांना सांगून झालं का, विचारलं. झालं होतं. हलकं वाटेल असं मला वाटलं होतं, तसं काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी टेकडीवर जाऊन ओंजळभर काकडं काढली आणि कुसुमताईंना द्यायला काकीकडे नेली. तिने हात पुढे केला नाही.

"मी नाय नेणार. खबर दिलीस ना, आता एकदा तुलाच त्यांच्या घरी पाणी प्यायला जावं लागतं. नायतर त्ये घर आपल्याला तुटतं."

काकडं फडक्यात बांधून ठेवली आहेत. येत्या शनिवारची रजा टाकली आहे. या वेळी तुझी पाटी मी उचलणार, असं काकीला सांगितलं. बघू, म्हणाली.