पूजाचं ट्रेनिंग आणि माझा जळफळाट

मैत्रिणींनो, खरं सांगते, मला एका बावीस वर्षांच्या पोरीचा लई हेवा वाटतो.

हर्सूलच्या एका पाळणाघरात मी चौदा वर्षं लेकरं सांभाळते. पूजा तीन महिन्यांपूर्वी आली, बाळांच्या सुरक्षेचं ट्रेनिंग घेऊन. तेव्हापासून शेंद्र्याला कंपनीत जाणाऱ्या आया लेकरू तिच्याच हातात देतात. माझ्याकडं रडणारं पोरगं तिच्या कडेवर गेलं की गप होतं. कसं जळायचं नाही?

आज आठ दिवसांनी नळाला पाणी आलं. असल्या दुष्काळात थेंब सोडवत नाही, म्हणून मी मोरीतला टबही काठोकाठ भरला. पूजा म्हणाली, "काकू, टब झाका. रांगतं लेकरू वीतभर पाण्यातही बुडतं."

"मला नको शिकवू," मी फटकारलं. "माझी दोन लेकरं याच हातांनी मोठी झाली."

थोड्या वेळानं मी दूध गरम करत होते, तेवढ्यात ती मोरीकडं धावली. दहा महिन्यांचा आरव टबाचा काठ धरून पाण्यावर वाकला होता. तिनं त्याला झटकन उचललं. नुसते केस भिजले होते. मी धावत जाऊन आधी टबावर फळी ठेवली.

आरवच्या आईला तिनं सगळं सांगितलं, पण "आमचं लक्ष चुकलं" असं म्हणाली. "आमचं"! तिच्या त्या मोठ्या मनाचाही मला हेवाच वाटला.

संध्याकाळी मी विचारलं, "ते ट्रेनिंग माझ्या वयाला जमंल का गं?"

"जमंल की काकू."

उद्या नाव देतेय. तुम्ही लेकरू ज्या बाईकडं सोडता, तिला विचारलंय का कधी, ती हे शिकलीय का? मला चौदा वर्षांत एकाही आईनं विचारलं नाही.