एवाल्ड ग्रूनरचा अंगठा

हॉर्नबेक गावात एवाल्ड ग्रूनरइतका नावाजलेला लबाड दुसरा नव्हता, आणि त्या बिचाऱ्याने जन्मात कधी लबाडी केलेली नव्हती.

एवाल्ड धंद्याने घड्याळजी. त्याचा बापही घड्याळजीच होता. रेल्वेचे गार्ड आपली खिशातली घड्याळं तपासून घ्यायला त्यांच्याच दुकानात यायचे. घरात अंडं उकडायचं असलं तरी एवाल्ड समोर घड्याळ घेऊन बसणार. त्याच्या लग्नाला पास्टर लिंडनर सात मिनिटं उशिरा आले होते, ही गोष्ट त्याने सव्वीस वर्षं मनात ठेवली होती आणि बायकोला, हेडविगला, दर वाढदिवसाला ऐकवली होती. वेळेच्या बाबतीत हा माणूस असा सरळ होता की त्याच्याबरोबर राहणं कठीण जायचं.

अशा माणसाला गावाने बास्केटबॉलचा वेळाधिकारी केलं, यात नवल काही नाही. मिशिगन सरोवराच्या काठच्या आमच्या गावात तेव्हा दोनच गोष्टी होत्या, खुर्च्यांचा कारखाना आणि त्या कारखान्याचा बास्केटबॉलचा संघ. संघाचं नाव चेअरमेकर्स. संघ पगारी होता, म्हणजे देशातल्या मोठमोठ्या शहरांच्या संघांशी त्याची लीगमध्ये रीतसर गाठ पडायची. खेळाडू सकाळी कारखान्यात खुर्च्यांना पॉलिश करायचे आणि संध्याकाळी खेळायचे. गावातल्या एकाही पलंगात ती माणसं मावत नव्हती, म्हणून कारखान्याने त्यांना मुद्दाम लांब पलंग करून दिले होते. बाहेरून आलेल्या पाहुण्याला लोक चर्च दाखवायच्या आधी ते पलंग दाखवायला न्यायचे.

सामने व्हायचे ते शिपायांच्या कवायतीच्या हॉलमध्ये. हॉल इतका अरुंद की पहिल्या रांगेतल्या लोकांचे बूट मैदानाच्या रेषेवर. पाहुण्या संघाचं बाकडं उत्तरेच्या दाराशी, आणि जानेवारीत ते दार हवा खेळती राहावी म्हणून उघडं ठेवण्याची आमची जुनी पद्धत होती. भिंतीवरचं मोठं घड्याळ फक्त मिनिटं दाखवायचं. शेवटच्या मिनिटातले सेकंद एकट्या एवाल्डच्या हातात. उजव्या मुठीत स्टॉपवॉच, त्याच्या बटणावर अंगठा, आणि डाव्या हातात आवाजी पिस्तूल. वेळ संपली की एवाल्डने पिस्तूल उडवायचं, आणि ते उडेपर्यंत खेळ चालू. नियमच तसा होता.

त्याच्या बदनामीला, म्हणजे कीर्तीला, सुरुवात झाली ती संघाच्या पहिल्याच वर्षी. आमच्या खेळाडूंनी शेवटच्या अर्ध्या मिनिटात तीन बास्केट मारून सामना फिरवला. पाहुण्यांचा प्रशिक्षक टोपी जमिनीवर आपटून ओरडला, "या माणसाच्या मिनिटात नव्वद सेकंद असतात." दुसऱ्या दिवशी ते वाक्य पेपरात आलं आणि हॉर्नबेकने ते प्रमाणपत्रासारखं जपून ठेवलं.

एवाल्ड संतापून पेपरच्या कचेरीत गेला. "मी बरोबर साठ सेकंद दिले," तो म्हणाला.

"अर्थातच," संपादक म्हणाला आणि त्याने डोळा मारला.

त्या दिवसापासून सगळं गाव त्याला डोळे मारू लागलं. गसच्या दारूगुत्त्यात शुक्रवारी मासे तळले जायचे, तेव्हा खिडकीजवळची खुर्ची एवाल्डसाठी राखलेली असायची आणि गस बियरचा पहिला मग न मागता आणून ठेवायचा. "अंगठ्याला," असं म्हणून सगळे मग उचलायचे. एवाल्ड म्हणायचा, मी एका सेकंदाचीही चोरी केलेली नाही. त्यावर लोक मनापासून हसायचे, कारण पक्का लबाड हेच म्हणणार हे त्यांना माहीत होतं. तो जितका जीव तोडून खरं सांगायचा तितका त्याचा मान वाढायचा. पास्टर लिंडनरनी तर चर्चच्या दारात हात मिळवताना त्याचा अंगठा जरा दाबला आणि हळूच म्हणाले, "देव गावाचंही बघतो, एवाल्ड."

याचं त्याला मनापासून दुःख व्हायचं. गावातली लबाड माणसं निवडून येत होती, प्रामाणिक म्हणून मिरवत होती, आणि आपण बापाचं नाव सांभाळून बसलो तर आपल्यालाच चोर ठरवतात, हे त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं. एकदा तरी कुणीतरी आपल्याला प्रामाणिक म्हणावं, एवढीच त्याची इच्छा. हेडविगलाही त्याने विचारून पाहिलं होतं.

"तुला तरी पटतं ना?"

"मला काय त्याचं," हेडविग म्हणाली. "तुझ्या अंगठ्यापायी मला खाटकाकडे सॉसेज आधी मिळतं. तू उगीच खोडा घालू नकोस."

मग आला एकोणीसशे एकोणपन्नासचा हिवाळा. लीगमध्ये संघ फार झाले होते, आणि मोठ्या शहरांच्या मालकांना आमच्यासारख्या गावांत यायचा कंटाळा आला होता. आमच्या स्टेशनवर गाडी पहाटे थांबायची आणि हॉटेल एकच, तेही पलंगांच्या बाबतीत मागासलेलं. लीगने पत्र धाडलं की गटात पहिल्या चारात येणारे संघ राहतील, बाकीच्यांनी पुढल्या वर्षीपासून आपापलं बघावं.

डिसेंबरात आम्ही चांगले जिंकलो. जानेवारीत संघाची बस बर्फात अडकली, अर्धा संघ खोकत परतला आणि ओळीने सहा सामने हरला. फेब्रुवारीत स्टॅन ब्रॅझडा, जो कप्तानही होता आणि प्रशिक्षकही, कारण दोन माणसं परवडत नव्हती, सुजलेल्या घोट्याला चामड्याचा पट्टा आवळून खेळला आणि त्याने संघ ओढत पाचव्या जागेवर आणला. शेवटचा सामना मार्चमधल्या रविवारी दुपारी, पूर्वेकडच्या एका बड्या शहराच्या मेट्रोज संघाशी. जिंकलो तर चौथे, हरलो तर घरी.

शनिवारी कारखान्याचे मालक राइनहोल्ड टिमे एवाल्डच्या दुकानात आले. हातात घड्याळ नव्हतं, म्हणजे काम दुसरंच होतं.

"उद्याचं लक्षात आहे ना, एवाल्ड?"

"दुपारी दोन वाजता, टिमेसाहेब."

"तसं नाही. शेवटचं मिनिट."

"त्यात साठ सेकंद असतील. आजवर तेवढेच होते. माझ्या बापाच्या फोटोची शपथ."

टिमेंनी भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं, मग एवाल्डच्या अंगठ्याकडे. "वा. तुझ्यासारखा माणूस गावात आहे म्हणून तर आम्ही निश्चिंत झोपतो." आणि डोळा मारून निघून गेले.

रविवारी चर्चमधून लोक सरळ हॉलमध्येच आले. एवाल्डच्या टेबलामागे, त्याच्या खांद्याला गुडघे टेकतील इतक्या जवळ, अल्मामावशी श्वेंके बसल्या. वय शहात्तर, पहिल्या वर्षापासून त्यांची जागा तीच. हातात कायम विणकाम. मोजा चांगला व्हायचा, पण त्यांची लांब सुई मुख्यतः रेषेजवळ येणाऱ्या पाहुण्या खेळाडूंच्या पोटऱ्यांसाठी असायची. पंचांनी एकदा तक्रार ऐकून घेतली होती. मावशी त्यांना म्हणाल्या होत्या, "बाळा, मला नीट दिसत नाही रे." पंच पुन्हा त्यांच्या वाटेला गेले नाहीत.

खेळ तसा खेळ म्हणण्यासारखा झालाच नाही. त्या काळी चेंडू किती वेळ धरावा याला बंधन नव्हतं. मेट्रोजनी शेवटच्या सत्रात एका गुणाची आघाडी घेतली, एक्कावन्न विरुद्ध पन्नास, आणि मग बास्केटकडे बघणंच सोडून दिलं. त्यांचा एक बुटका खेळाडू चेंडू आपटत उभा राहिला, दुसऱ्याने तो घेतला, परत पहिल्याला दिला. त्यांचा सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा पावणेसात फुटी गडी, आमच्या बास्केटखाली खांबासारखा उभा होता आणि छताकडे बघत होता. धावायचा त्याला दिवसभर आळसच होता. लोकांनी शिव्या देऊन पाहिल्या, मग पेपर उघडले. अल्मामावशींची टाच विणून झाली. हे दृश्य बघायला माणसं बर्फ तुडवत आली होती आणि पुढल्या वर्षी ते बघायला मिळणार नाही म्हणून रडकुंडीला आली होती.

शेवटचं मिनिट सुरू झालं. एवाल्डने डावा हात वर उचलला. स्टॉपवॉचचा काटा निम्म्यावर आला, पुढे गेला. दहा सेकंद उरले. तो बुटका खेळाडू चेंडू आपटत टेबलाजवळच्या रेषेपाशी आला आणि एकदम एक पाय वर घेऊन कळवळला. चेंडू त्याच्या हातून सुटला. ब्रॅझडाने तो उचलला आणि दुखऱ्या घोट्यासकट दुसऱ्या टोकाकडे सुटला. सगळे त्याच्यामागे धावले, तो लांबोडा सेंटर सोडून.

काटा साठावर आला तेव्हा ब्रॅझडा मैदानाच्या मध्यावर होता.

एवाल्डला काटा स्वच्छ दिसला. वेळ संपली होती. बोटाने चाप ओढायचा, एवढंच काम. पण समोर त्याला ब्रॅझडाचा लंगडता पाय दिसत होता, आणि रांगेत पेपर खाली टाकून उभी राहिलेली हेडविग. ती हिवाळ्यात या हॉलव्यतिरिक्त कुठे मोठ्याने हसत नसे. बोट हललं नाही. ते का हललं नाही हे त्याला पुढे कधी सांगता आलं नाही. एक सेकंद गेला, दुसरा गेला, आणि तिसऱ्याला चेंडू जाळीतून खाली पडला. बावन्न विरुद्ध एक्कावन्न.

हॉलचं छप्पर उडायचं बाकी राहिलं. मुरलेल्या लबाडाने त्याच क्षणी पिस्तूल उडवलं असतं आणि घरी जाऊन जेवला असता. पण एवाल्डला लबाडीची सवय कुठे होती? पन्नाशी उलटल्यावरचा तो त्याचा पहिलाच प्रयत्न. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट आली. आपल्यांना तीन सेकंद जास्त दिले. मग त्यांनाही तीन दिले पाहिजेत. तरच बरोबर होईल.

त्याने काट्यावर नजर ठेवली आणि मोजलं. एक. मेट्रोजच्या कुणीतरी चेंडू उचलून तो आत फेकायला रेषेबाहेर पाय टाकला. दोन. चेंडू सगळ्या हॉलवरून उडत पलीकडच्या टोकाला गेला, जिथे तो पावणेसात फुटी माणूस अजून उभा होता. त्याने छताकडचं लक्ष काढलं, हात वर केला आणि चेंडू कड्यात ठेवून दिला. तीन.

एवाल्डने पिस्तूल उडवलं. इतक्या वर्षांत त्या हॉलमध्ये त्याचा आवाज पहिल्यांदाच सगळ्यांना नीट ऐकू आला.

त्रेपन्न विरुद्ध बावन्न. मेट्रोजचा प्रशिक्षक टेबलाजवळ आला आणि त्याने एवाल्डचा हात दोन्ही हातांत घेतला. "काय काय ऐकलं होतं तुमच्याबद्दल. माफ करा. जिंकल्यावरही तुम्ही पिस्तूल उडवायची घाई केली नाहीत. सबंध लीगमध्ये तुमच्यासारखा प्रामाणिक माणूस मी पाहिला नाही."

सोमवारच्या पेपरात मोठ्या अक्षरांत मथळा आला, 'हॉर्नबेकचा प्रामाणिक माणूस'. संपादकाने तो शिवी म्हणूनच छापला होता आणि गावाने शिवी म्हणूनच वाचला. चार वर्षं ज्याने मिनिटं ताणली, त्याने नेमकं गरजेच्या दिवशी सज्जन व्हावं, हे कुणालाच सहन होईना. गसकडे खिडकीजवळच्या खुर्चीवर दुसरा कुणी बसला. खाटकाने हेडविगला सगळ्यात शेवटी विचारलं. पास्टर लिंडनर चर्चच्या दारात म्हणाले, "प्रामाणिकपणालाही वेळकाळ असतो, एवाल्ड," आणि या खेपेला त्याचा हात नुसता हलवून सोडून दिला.

एवाल्ड टिमेंकडे गेला. त्याला आता हे ओझं पेलवत नव्हतं. "साहेब, मी लबाडी केली," तो म्हणाला. "ब्रॅझडाची बास्केट वेळेनंतरची होती. मी तीन सेकंद जास्त दिले."

टिमेंनी त्याच्याकडे दयेने पाहिलं. "आता सारवासारव नको, एवाल्ड. तू मला आदल्या दिवशीच सांगितलं होतंस, बापाच्या फोटोची शपथ घेऊन. चूक माझी, मीच विश्वास ठेवला नाही."

संघ गेला. ब्रॅझडाने जायच्या आधी आपला लांब पलंग स्वतःच सुटा करून गोदामात नेऊन ठेवला. ज्या शब्दासाठी एवाल्ड इतकी वर्षं तळमळला, तो शब्द आता रोज कानावर पडत होता, आणि दर वेळी त्याला तोंड लपवावंसं वाटत होतं. दुकानात कुणी येईना. तो भिंतीकडे पाठ करून बसू लागला, फोटो त्या भिंतीवर होता म्हणून.

एप्रिलमध्ये अल्मामावशी आल्या. नवऱ्याचं जुनं खिशातलं घड्याळ त्यांनी काउंटरवर ठेवलं.

"मागे पडतंय. बघ जरा."

"मावशी, गावातले लोक हल्ली माझ्याकडे येत नाहीत."

"मी आलेय ना." त्या स्टुलावर बसल्या आणि त्यांनी मोजा काढला. चार टाके घातले. मग वर न बघता म्हणाल्या, "सहा सेकंद."

एवाल्डच्या हातातला चिमटा तसाच राहिला.

"तुझ्या खांद्यावरून मला काटा दिसत होता, पोरा. मला पोटऱ्या दिसतात तर काटा दिसणार नाही? तीन आपल्यांना, तीन त्यांना. आपल्यांना का दिलेस ते मला कळलं. मीही माझं काम केलंच होतं. पण त्यांना कशाला दिलेस, गाढवा?"

"फिटंफाट व्हावी म्हणून," एवाल्ड म्हणाला.

मावशींनी सुई थांबवली. "हं," त्या म्हणाल्या. "म्हणजे आधीच्या चार वर्षांत तू खरंच एकही सेकंद चोरला नव्हतास. चोरायची सवय असती तर तुला हे सुचलंच नसतं."

एवाल्डने भिंग डोळ्याला लावलं, पण त्यातून काही दिसेना. ते पुसून त्याने परत लावलं, पण फरक पडला नाही. मावशींनी खाली मान घालून पुढचा टाका घातला आणि त्याचं होईपर्यंत विणत बसल्या.