येळवशीचा नारळ आणि अडकलेला पिग

मी पक्की नास्तिक बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. लग्नाच्या वेळी पत्रिका बघायला आलेल्या गुरुजींना मी जन्मवेळ मुद्दाम चुकीची सांगितली होती. तरी गुण जुळले, आणि संसारही बरा चाललाय. त्यामुळे देव, भूत, अंगात येणं वगैरे ऐकलं की मला हसूच येतं. पण ही गोष्ट दुसऱ्या कुणाची नाही, माझ्या स्वतःच्या तळहातावर घडलेली आहे... म्हणून लिहितेय.

माहेर माझं मुरुमचं. नोकरी एका तेल कंपनीच्या पाइपलाइनवर. कंपनीचं नाव विचारू नका, मला नोकरी प्यारी आहे. आमची लाईन नळदुर्गच्या अलीकडे हायवे सोडून शेताशेतातून, जमिनीखालून जाते. लोकांना वाटतं पाइपलाइन म्हणजे नळ, इकडून ओतलं की तिकडून येतं. पण आमचं तेल कच्चं आणि जड. गरम असलं तर काकवीसारखं सरकतं, थंड झालं की गुळाच्या ढेपेसारखं बसतं. म्हणून ते तापवून पुढं ढकलायचं. शिवाय नळीला आतून मेण धरतं, ते खरवडायला अधूनमधून ब्रश लावलेला एक गोळा आत सोडायचा — त्याला पिग म्हणतात. हे सगळं चालू असताना लाईन थांबली आणि तेल आतच गोठलं, तर संपलं. जमिनीतली नळी मेली म्हणायची.

पिग सोडायच्या आधी, तो नळीत घालायच्या दाराशी नारळ फोडायचा, ही आमच्या स्टेशनची पद्धत. ती पाडली आमचे फोरमन सलीमभाईंनी. कुणी हसलं तर म्हणायचे, "मशीनला जात नसती, मॅडम. फोडा."

तो दिवस वेळ अमावास्येचा, आमच्याकडे म्हणतात तसा येळवशीचा. अख्खा जिल्हा त्या दिवशी शेतात जेवायला जातो, त्यामुळे स्टेशनवर निम्मीच माणसं. आणि इन-चार्ज म्हणून पिग सोडायची माझी पहिलीच वेळ. मोठे साहेब सगळ्यांदेखत म्हणाले होते, "बाईमाणसाला जमतंय का, बघू या." ते माझ्या डोक्यात बसलं होतं. सकाळी सलीमभाईंनी नारळ हातात दिला, तेवढ्यात साहेबांचाच फोन आला — उशीर का होतोय म्हणून. मी नारळ सॅकमध्ये कोंबला, दार लावलं आणि पिग सोडला.

दुपार व्हायच्या आत पिग अडकला. मागचं प्रेशर चढत गेलं आणि पंप बंद पडले. पिगमध्ये सिग्नल देणारं यंत्र असतं, पण जमिनीवरून फिरवलेल्या आमच्या रिसीव्हरला काही ऐकूच येईना. गणित केलं तर नुसता टप्पा कळला, नेमकी जागा नाही. जागा सापडली की खणून नळी उघडी करायची, वाफ देऊन मेण वितळवायचं आणि पंप परत चालू करायचे. पण येळवशीमुळं जेसीबी मिळाला एकच, आणि थंडी अशी की सूर्य कलला की तेल बसायला लागणार. एकच खड्डा खणायला वेळ होता. चुकला तर लाईन गेली, आणि माझ्यानंतर इन-चार्जच्या खुर्चीवर कुठल्याही बाईला कुणी बसवणार नव्हतं. मला खरंच रडू यायला लागलं होतं.

लाईनच्या खुणांवरून मी आणि सलीमभाई चालत होतो. बाजूला ज्वारी हुरड्यात आलेली.

"मॅडम, एक विचारू का? नारळ फोडला व्हता ना?"

माझं डोकंच फिरलं. "नारळावर पंप चालत नाहीत, सलीमभाई," म्हणत मी सॅकमधून नारळ काढला. "हा घ्या. फोडा आता तुमच्या मनासारखा."

तळहातावर आडवा ठेवून मी तो त्यांच्यापुढं धरला. आणि तो उभा राहिला... शेंडी वर करून, हळूहळू, झोपलेलं माणूस उठून बसतं तसा. सलीमभाईंचा पुढं आलेला हात तसाच राहिला. मी दोन पावलं पुढं गेले, नारळ आडवा पडला. मागं आले, परत उभा.

"हे तर पाणी हुडकणाऱ्या पाणाड्याचं काम, मॅडम," ते हळूच म्हणाले. "बोअर घ्यायचा तर ठीक हाय. तेलाला नारळ उभा राहत न्हाय."

मलाही तेच वाटत होतं. तरी पाय तिथून हलेनात.

शेताच्या मालकीण शालनकाकू पूजेच्या कडब्याच्या कोपीजवळ माणसांना जेवायला वाढत होत्या. आम्ही खणायचं बोलतोय हे ऐकून तरातरा आल्या. "आज न्हाय. आत्ताच पूजा केलीय काळ्या आईची, आज तिला खांदू देणार न्हाय." मग त्यांचं लक्ष माझ्या हाताकडं गेलं. "पुन्यांदा ठिव बरं."

मी ठेवला. तो उभा राहिला. काकूंनी पदर सारखा केला आणि नारळाला हात जोडले.

"खांद. पर आधी आंबील पी. सकाळधरनं उपाशी दिसायलीस."

साहेबांचा फोन आला. त्या टप्प्यात पिग अडकला असेल तर ओढ्यापाशीच, तिकडं खणा, चुकलात तर बघून घेईन, म्हणाले. मी म्हटलं, "सर, जागेवर मी आहे. इथंच खणते." आणि फोन सॅकमध्ये टाकला. आयुष्यात इतकं बरं क्वचितच वाटलंय.

जेसीबीनं खणलेला खड्डा कोरडा ठाक. पाण्याचा टिपूस नाही. शेवटची माती कुदळ-फावड्यानं काढली, नळी उघडी पडली आणि सलीमभाईंनी रिसीव्हर थेट लोखंडाला लावला. टिक... टिक... अगदी क्षीण. नारळ उभा राहिला होता, बरोब्बर त्या जागेखाली. सलीमभाई गुडघ्यावर बसून हसायलाच लागले. "मॅडम, तुमचं डुक्कर हितंच लोळायलंय बघा."

वाफेची गाडी लावली. सूर्य कलत चालला, पंप चालू केले, काहीच होईना. आसपासच्या शेतांतले लोक जेवणं सोडून बांधावर उभे. आणि मग पायांखाली घरघर झाली... पिग हलला होता. बांधावर शिट्ट्या वाजल्या, पोरींनी टाळ्या पिटल्या, काकूंनी माझ्या तोंडावरून हात ओवाळून बोटं मोडली. मी रडले, अगदी सगळ्यांसमोर, आणि मला त्याची काही लाज वाटली नाही.

दिवेलागणीला पुढच्या स्टेशनवर पिग बाहेर आला, मेणानं काळाकुट्ट. तिथं मी नारळ फोडला. आतलं पाणी कढत होतं. सबंध दिवस तो थंडीत माझ्या सॅकमध्ये नाहीतर हातात होता. सलीमभाईंनी बोट बुडवलं आणि चटकन मागं घेतलं. तोवर मोठे साहेबही पोचले होते. सगळ्यात मोठा खोबऱ्याचा तुकडा त्यांनीच उचलला.

"जमलं सर, बाईमाणसाला," मी म्हटलं.

त्यांनी आणखी एक तुकडा घेतला.

याचं स्पष्टीकरण मला आजही सापडलेलं नाही. त्याच जागी मी नंतर कितीदा नारळ धरून बघितला, ढिम्म हलत नाही. आसपासचे लोक बोअरची जागा विचारायला येतात, त्यांना मी हात जोडते. लाईन मात्र व्यवस्थित चालू आहे, पिग अजून मीच सोडते आणि नारळ न चुकता फोडते. फोडायच्या आधी, कुणी बघत नाही ना याची खात्री करून, क्षणभर तळहातावर आडवा ठेवते. तो पडून राहतो. राहू दे. गरज होती त्या दिवशी उभा राहिला होता.